मागितला एक कबाब, टेबलावर आल्या आठ प्लेटा : तुर्कस्तानात दुपारचं जेवण कसं होतं?

अदाना. तुर्कस्तानच्या दक्षिणेतलं, कापसाच्या मैदानातलं मोठं शहर. दुपारचा एक वाजलाय. गल्लीतल्या एका छोट्या कबाबवाल्याकडं एक भारतीय जोडपं येऊन बसतं आणि दोन कबाब सांगतं.

पाच मिनिटांत वेटर येतो, पण कबाब घेऊन नाही. बारीक चिरलेल्या टोमॅटो-मिरचीची तिखट चटणी, सुमाक लावलेला कांदा, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, कोथिंबिरीसारख्या पार्स्लीची जुडी, लिंबू, भाजलेल्या मिरच्या, दही आणि वर गरमागरम पातळ रोट्यांची चळत. जोडपं एकमेकांकडं बघतं. हे आपण मागितलंच नाही, मग बिल कोण भरणार?

तर विषय असा आहे, की यातलं बहुतेक फुकट असतं. तुर्की भाषेत याला ‘इकराम’ म्हणतात. इकराम म्हणजे मान, पाहुणचार. कबाबाचे पैसे दिलेत ना, मग त्याच्या सोबतीला येणारं घरचं, असा हिशोब. अदानात हा रिवाज इतका पक्का आहे की टेबल रिकामं दिसलं तर गिऱ्हाईकच नाराज होतं. मात्र पर्यटकांच्या गर्दीच्या ठिकाणी काही हॉटेलं याचेही पैसे लावतात. त्यामुळं प्लेटेला हात लावण्याआधी नुसतं “इकराम मी?” एवढं विचारलं तरी काम होतं.

चुलीपाशी बसायचं

अशा जागांना ‘ओजाकबाशी’ म्हणतात. ओजाक म्हणजे चूल आणि बाशी म्हणजे तिच्यापाशी. लांबलचक कोळशाची शेगडी, तिच्यावर बहुतेक वेळा तांब्याचं मोठं धुराडं आणि शेगडीच्या कडेनं बसायला जागा. शेगडीमागं जो माणूस उभा असतो तो ‘उस्ता’. उस्ता म्हणजे आपला उस्ताद. तालमीतला वस्ताद पण तोच शब्द. आणि तालमीसारखीच इथंही चढण असते. आधी ‘चिराक’, म्हणजे शिकाऊ पोरगं, जे कांदे चिरतं आणि चहा पोचवतं. मग ‘काल्फा’. आणि बरीच वर्षं धूर खाल्ल्यावर उस्ता. शेगडीवर कुठला गज कधी फिरवायचा हे तोच ठरवतो.

शब्दांचं म्हणाल तर मराठी माणसाला या टेबलावर फार परकं वाटत नाही. बिलाला तुर्कीत म्हणतात ‘हेसाप’, आपला हिशोब. सूपला ‘चोर्बा’, म्हणजे शोरबा. आणि ज्याला जग ‘अदाना कबाब’ म्हणतं त्याला अदानातली जुनी माणसं म्हणतात ‘कियमा’. आपला खिमा तो हाच.

खिमा मशीनमध्ये का घालत नाहीत?

खरी गोष्ट इथं आहे. अदाना कबाबात मसाला जवळपास नसतोच. मेंढीच्या कोकराचं मांस, मेंढीच्या शेपटीची चरबी, लाल मिरची, मीठ. संपलं. अंडं नाही, पाव नाही, आलं-लसूण नाही. आपल्याकडच्या शीक कबाबात जी सगळी फौज असते ती इथं कुणालाच लागत नाही.

मग चव येते कुठून? चिरण्यातून आणि चरबीतून. मांस चिरायला ‘झिर्ह’ नावाचं हत्यार असतं. चंद्रकोरीसारखं वाकलेलं, जड, लोखंडी पातं. दोन्ही हातांनी धरून ते लाकडी ठोकळ्यावर पुढं-मागं झुलवायचं. मशीनमध्ये मांस चिरडलं जातं, गरम होतं आणि चरबी लोण्यासारखी सगळीकडं फासली जाते. झिर्हनं चिरलं की मांसाचा कण वेगळा आणि चरबीचा कण वेगळा राहतो. शेगडीवर गेल्यावर चरबीचे ते कण आतल्या आत वितळतात आणि मांस कोरडं पडत नाही. चरबीचं प्रमाण साधारण मांसाच्या पाचव्या हिश्शाइतकं. कमी झाली तर कबाब भुसा लागतो, जास्त झाली तर गजावरून घसरून थेट निखाऱ्यात.

गजही गोल नसतो, चपटा आणि रुंद असतो. गोल गजावर खिमा फिरतो आणि एकच बाजू भाजली जाते. उस्ता ओल्या हातानं मांस गजावर थापतो आणि बोटांनी दाबत जातो. कबाबावर त्या बोटांच्या ओळी दिसतात.

भाजताना एक छोटा उद्योग चालतो, तो नक्की बघावा. रस सुटायला लागला की उस्ता एक पातळ रोटी घेतो, ती कबाबावर दाबतो, चरबी टिपून घेतो आणि रोटी पुन्हा शेगडीवर टाकतो. तीच रोटी कबाबाखाली येते. जाणकार मंडळी कबाबाच्या आधी तिच्यावर ताव मारतात.

आता जो माणूस मुंबई-पुण्याच्या हॉटेलात ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लाल रंगाची गोड भाजी खाऊन वैतागलाय, त्याला अदानाकरांचं दुःख लगेच कळेल. देशभर कुठलाही तिखट खिमा गजावर लावून ‘अदाना’ म्हणून विकला जायचा. शेवटी अदानाच्या व्यापारी मंडळानं पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये या कबाबाला तुर्कस्तानात भौगोलिक मानांकन मिळालं. मांस कशाचं, चिरायचं कशानं, भाजायचं कशावर, हे सगळं कागदावर आलं.

ऑर्डर कशी द्यायची?

पहिला प्रश्न येतो तिखट की बिनतिखट. ‘अजिली’ म्हणजे तिखट, ‘अजिसिझ’ म्हणजे बिनतिखट. तिखट तो अदाना, सौम्य तो उर्फा, असं साधं समीकरण बहुतेक मेनूकार्डांवर चालतं. दुसरा प्रश्न किती? इथं लोक एक किंवा दोन सांगत नाहीत, ‘बिर बुचुक’ म्हणजे दीड सांगतात. भूक असलेल्या माणसाचं माप दीड प्लेट. आपल्या भाषेत, एक प्लेट कमी पडते आणि दुसरी सांगायला लाज वाटते, त्यावरचा हा तोडगा.

मांसाच्या बाबतीत एक गोष्ट भारतीयांनी पाठ करून जावी. ‘कुझू’ म्हणजे कोकरू, ‘दाना’ म्हणजे गोमांस, ‘तावुक’ म्हणजे कोंबडी. नियमानं बनवलेला अदाना कबाब कोकराचाच असतो. पण कोफ्ते, डोनर आणि स्वस्तातले कबाब यांत दाना सर्रास असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी “कुझू मु, दाना मी?” असं सरळ विचारावं. कुणाला वाईट वाटत नाही.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण थोडं सावध राहावं लागेल. ‘मेर्जिमेक चोर्बासी’ म्हणजे मसुरीचं सूप. लिंबू पिळलं की थेट घरच्या वरणाची आठवण येते, फक्त ते कधी कधी मांस उकळलेल्या पाण्यात केलेलं असतं. ‘एत सुयू’ आहे का, हे विचारून घ्यायचं. नाहीतर चीज घातलेली पिदे, कोशिंबिरी, भाजलेलं वांगं आणि रोटी यावर जेवण होतं.

प्यायला आयरान, म्हणजे मीठ घातलेलं ताक. किंवा शालगाम. हे नाव शलगमाचंच असलं तरी त्याचा जांभळा रंग काळ्या गाजरांचा. गाजर, शलगम आणि मीठ आंबवून केलेलं हे आंबट-खारट पेय. उत्तर भारतातली गाजराची कांजी प्यायलेल्यांना ते पहिल्याच घोटात आवडतं, बाकीच्यांना तिसऱ्या ग्लासापर्यंत थांबावं लागतं.

काटा-चमचा मिळतो, पण खरी पद्धत हातानं. रोटीचा तुकडा, त्यात कबाब, वर सुमाकचा कांदा. सुमाक ही लालसर आंबट पूड असते. आपलं आमसूल जे काम करतं तेच ती इथं करते, तेलकटपणा मारते.

मग अडचण कुठं आहे?

अडचण खिशात आहे. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला सात-साडेसात लिरा मिळायचे, २०२४ संपताना पस्तीसच्या आसपास. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुर्कस्तानातली महागाई सरकारी आकड्यांनुसारच ८५ टक्क्यांच्या वर गेली होती. मेनूकार्डावर जुन्या किमतीवर नवी चिकटपट्टी, तिच्यावर आणखी एक, असं दृश्य सगळीकडं दिसायचं.

२०२५ मध्ये तिथलं किमान वेतन हातात येताना महिन्याला २२,१०४ लिरा होतं आणि कबाबाच्या एका प्लेटला काहीशे लिरा लागायचे. म्हणजे गॅरेजमधला, दुकानातला जो माणूस आधी दुपारी सहज येऊन बसायचा तो आता बसत नाही. तो खिडकीपाशी उभा राहून ‘दुरुम’ घेतो. दुरुम म्हणजे गुंडाळलेलं. तोच कबाब कमी मापात, रोटीत गुंडाळून. बऱ्याचदा कोकराच्या जागी कोंबडी. फुकटच्या प्लेटाही त्यासोबत तेवढ्या येत नाहीत. मालकाचीही पंचाईत असते. मांस महाग, कोळसा महाग, आणि प्लेटा कमी केल्या तर गिऱ्हाईक तोंडावर बोलून दाखवतं.

मांस महागलं की भेसळ आलीच. तुर्कस्तानचं कृषी मंत्रालय अन्नात भेसळ करताना सापडलेल्या धंद्यांची नावं उघडपणे जाहीर करतं, आणि कोकराच्या नावाखाली दुसरंच मांस देणारे त्या यादीत सापडत राहतात. किमतींसाठीही नियम आलाय. जानेवारी २०२४ पासून हॉटेलांना दरपत्रक टेबलासोबतच दारातही लावावं लागतं. त्यामुळं आत शिरण्याआधी दारातला कागद वाचणाऱ्या स्थानिकांची छोटी गर्दी दिसते. पर्यटकांनीही तिथंच थांबून वाचावं, नंतर वाद नको.

जेवण संपलं की न मागता चहा येतो. ट्यूलिपच्या फुलासारखा कमरेत बारीक काचेचा ग्लास, लालसर काळा चहा, दुधाचा पत्ता नाही. तोही बहुतेक वेळा इकराम. काही जुन्या ठिकाणी हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओततात, बाकी ठिकाणी ओल्या रुमालाचं पाकीट देतात.

हेसाप चुकवून निघताना शेगडीमागच्या माणसाला “एलिनिझे साल्लक” म्हणायचं. तुमच्या हातांना आरोग्य लाभो, असा त्याचा अर्थ. उस्ता गजावरची नजर न काढता “आफियेत ओल्सुन” म्हणतो आणि पुढचा दीड प्लेटचा गज निखाऱ्यावर ठेवतो.