विस्मृतींतून रंगमंचावर : रॉक-गायकाचें पुनरागमन

गायकाचें नांव लोकांच्या ओठांवर येण्यास वर्षानुवर्षांची मेहनत लागते. परंतु तेंच नांव ओठांवरून नाहींसें होण्यास दोन-चार वर्षांचें मौनहि पुरेसें होतें. आपल्याकडील शास्त्रीय गायनांत गवयाचें वाढतें वय हें त्याच्या अधिकाराचें गमक मानलें जातें. केस पिकलेला गवई तंबोरे जुळवून बसला, कीं श्रोते आदरानें सांवरून बसतात. पाश्चात्य देशांतील रॉक संगीताची गोष्ट मात्र अगदीं निराळी आहे. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत, कृष्णवर्णीयांचें ऱ्हिदम अँड ब्लूज गायन आणि गोऱ्या ग्रामीण लोकांचीं गीतें यांच्या मिश्रणांतून हें संगीत जन्मास आलें. विजेवर चालणारी गिटार, ढोलांचा जोरकस ठेका आणि तारुण्याचा बेफाम आवेश हें त्याचें मूळ भांडवल. अशा क्षेत्रांत एखादा गायक आठ-दहा वर्षें दृष्टीआड झाला, तर त्यानें परत यावें तरी कसें? हा प्रश्न केवळ हौसेचा किंवा मानाचा नाहीं. कित्येकांच्या बाबतींत तो सरळ पोटाचा असतो.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं गायकाचा मार्ग अडतो कसा, हें समजून घेणें अवश्य आहे. या धंद्याचीं चाकें तीन : ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी, तीं गाणीं वाजविणारीं नभोवाणी-केंद्रें आणि जलसे ठरविणारे ठेकेदार. कंपनी ध्वनिमुद्रिका काढते ती नभोवाणीवर वाजेल अशा भरंवशावर. नभोवाणी वाजविते तें बाजारांत खपत असलेलें गाणें. आणि ठेकेदार बोलावितो तो ज्याचें गाणें सध्यां कानांवर पडत आहे अशा गायकाला. प्रत्येक चाक दुसऱ्याच्या गतीनें फिरतें. म्हणूनच गायक चार वर्षें दूर राहिला कीं तिन्ही चाकें एकदमच थांबतात, आणि पुढें प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. पुनरागमन म्हणजे या थांबलेल्या यंत्राला कोठें तरी एका ठिकाणीं धक्का देणें. तो कोठें द्यावा, यांतच सारें मर्म आहे.

अमेरिकन गायिका टीना टर्नर यांचें चरित्र या दृष्टीनें विशेष बोधप्रद आहे. त्यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९३९ रोजीं टेनेसी संस्थानांतील ब्राउन्सव्हिल येथें झाला. मूळचें नांव ॲना मे बुलक. नटबुश नांवाच्या लहानशा खेड्यांत त्या वाढल्या. पुढें सेंट लुई शहरांत आइक टर्नर या वादकाच्या ताफ्यांत त्या गाऊं लागल्या. १९६० सालीं त्यांचें पहिलें गाजलेलें गाणें निघालें, आणि त्या वेळीं ‘टीना टर्नर’ हें नांवहि आइक यांनींच त्यांना दिलें. १९७१ मध्यें ‘प्राउड मेरी’ या त्यांच्या गाण्यानें अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत चौथा क्रमांक मिळविला. बाहेरून पाहणाऱ्यांस हें जोडपें भाग्यवान् वाटे. परंतु घरांत नवऱ्याची मारहाण हा नित्याचा क्रम होता. १९७६ च्या जुलै महिन्यांत डॅलस येथील मुक्कामांत त्या हॉटेलांतून निघून गेल्या. त्या वेळीं त्यांच्याजवळ अवघे ३६ सेंट आणि पेट्रोलच्या उधारीचें एक कार्ड होतें.

१९७८ सालीं घटस्फोट झाला, तेव्हां टर्नरबाईंनीं मालमत्तेचा आग्रह धरला नाहीं. आपलें रंगभूमीवरील नांव तेवढें आपल्याकडे राहावें, एवढीच त्यांची मुख्य मागणी होती. वरवर पाहणारास हा व्यवहार तोट्याचा वाटेल. शिवाय मोडलेल्या दौऱ्यांच्या नुकसानीचें कर्जहि त्यांच्या माथीं आलें होतें. परंतु विचार केला असतां त्यांतील शहाणपण ध्यानांत येतें. घर, मोटार, पैसा यांचा उपयोग एकदांच होतो. परंतु सोळा वर्षें लोकांच्या कानांवर पडलेलें नांव हें पुन्हां पीक देणारें शेत असतें. परत येऊं इच्छिणाऱ्या गायकानें आपल्या नांवाचे व गाण्यांचे हक्क कोणाकडे आहेत, हें सर्वांत आधीं पाहावें, तें याचसाठीं.

तथापि नुसत्या नांवानें भागत नाहीं. १९७८ व १९७९ या सालांत टर्नरबाईंच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि दोन्ही पडल्या. कर्ज फेडण्यासाठीं त्या हॉटेलांतील करमणुकीच्या कार्यक्रमांत गात, दूरचित्रवाणीच्या खेळांत पाहुण्या म्हणून जात. लोकांच्या लेखीं त्या आतां गतकाळची एक आठवण झाल्या होत्या. परंतु या हलाखीच्या काळांतहि एक गोष्ट त्यांनीं सोडली नाहीं. ती म्हणजे रोजचें गाणें. कंठांतील स्वरपट्ट्या या स्नायूंनींच हालतात, आणि स्नायूंचा नियम सर्वांस ठाऊक आहे : वापर सुटला कीं त्यांचें बळ ओसरतें. वयाबरोबर वरच्या पट्टींतील चपळता कमी होते, श्वास आंखूड होतो. पण ज्याचा रियाज अखंड आहे, त्याच्या खालच्या व मधल्या सुरांना त्याच वयांत एक निराळें वजन येतें. दीर्घ काळ गप्प बसलेल्या गायकानें जुन्याच पट्टींत, जुन्याच आवेशानें गाण्याचा हट्ट धरला तर आवाज फुटतो. पट्टी उतरवून, श्वास वाढवून, हळूहळू गळा तयार केला तर पूर्वीं नसलेला गंभीरपणा हातीं येतो.

१९८० च्या सुमारास रॉजर डेव्हिस या ऑस्ट्रेलियन व्यवस्थापकाशीं टर्नरबाईंची गांठ पडली. या गृहस्थांचें निदान अचूक होतें. गळ्यांत कांहींच दोष नाहीं. दोष आहे तो सभोंवतालच्या मांडणींत, असें त्यांनीं ओळखलें. हॉटेलांतील झगमगते पोषाख गेले, जुना साथीदारांचा संच बदलला आणि गाण्याचा रोख उघडपणें रॉककडे वळला. कंपनीच्या दाराशीं ताटकळत बसण्याऐवजीं त्यांनीं जलशांचा मार्ग धरला. १९८१ सालीं न्यूयॉर्कच्या ‘रिट्झ’ नामक नाट्यगृहांत झालेल्या कार्यक्रमांकडे जाणकारांचें लक्ष वेधलें. रॉड स्टुअर्ट यांनीं त्यांना दूरचित्रवाणीवर आपल्या जोडीनें गावयास बोलाविलें. रोलिंग स्टोन्स या प्रख्यात ताफ्यानें आपल्या अमेरिकन दौऱ्यांत त्यांना आरंभींचें गायन दिलें.

यंत्राला धक्का द्यावयाचा तो येथें, हें आतां स्पष्ट होईल. ध्वनिमुद्रिकेस मोठें भांडवल लागतें आणि नभोवाणीचें दार परक्याच्या हातीं असतें. पण लहानशा सभागृहांत पांचशें माणसांसमोर उभें राहणें गायकाच्या स्वतःच्या हातीं असतें. तेथें जुनी कीर्ति पहिल्या पांच मिनिटांपुरतीच कामास येते. सहाव्या मिनिटापासून गळा आणि गाणें यांचाच हिशेब सुरू होतो. शिवाय तरुण व यशस्वी कलावंतांनीं आपणहोऊन मान दिला, कीं नव्या पिढीच्या मनांतील शंका फिटते. १९८३ मध्यें डेव्हिड बोवी यांनीं आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना टर्नरबाईंच्या जलशास नेलें, तेव्हां जें काम शंभर पत्रांनीं झालें नसतें तें एका संध्याकाळीं झालें.

दुसरा धडा स्थळासंबंधीं आहे. अमेरिकेंत त्यांच्याविषयीं जो ग्रह दृढ झाला होता, तो इंग्लंडांत नव्हता. तेथें १९६६ पासून त्यांचा चाहता वर्ग होता. मार्टिन वेअर या तरुण इंग्रज संगीतकारानें १९८२ सालीं आपल्या एका ध्वनिमुद्रिकेंत त्यांस गावयास घेतलें. पुढें त्याच्याच साह्यानें त्यांनीं अल ग्रीन यांचें ‘लेट्स स्टे टुगेदर’ हें गाणें नव्या यांत्रिक वाद्यांच्या साथीनें गाइलें. १९८३ च्या अखेरीस तें इंग्लंडच्या यादींत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलें, आणि मग अमेरिकेंतील कॅपिटल कंपनीनें संपूर्ण ध्वनिमुद्रिकेची घाई चालविली. ‘प्रायव्हेट डान्सर’ नांवाची ती ध्वनिमुद्रिका अवघ्या कांहीं आठवड्यांत मुख्यतः लंडन येथें तयार झाली आणि मे १९८४ मध्यें बाहेर पडली.

तिच्यांतील सर्वांत गाजलेलें गाणें टेरी ब्रिटन व ग्रॅहॅम लाइल यांनीं रचलेलें होतें. आश्चर्य असें कीं टर्नरबाईंना तें प्रथम मुळींच आवडलें नव्हतें. तें फार मिळमिळीत आहे असें त्यांना वाटे. अखेर व्यवस्थापकांचा सल्ला मानून, परंतु पट्टी व धाटणी स्वतःच्या गळ्यास जुळवून घेऊन, त्यांनीं तें गाइलें. सप्टेंबर १९८४ मध्यें तें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें व तीन आठवडे तेथें टिकलें. १९८५ च्या ग्रॅमी पारितोषिकांत वर्षाच्या सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचा मान त्याला मिळाला. गाणें पहिल्या क्रमांकावर आलें त्या वेळीं त्या ४४ वर्षांच्या होत्या. विश्वासू सल्लागाराचें मोल यावरून कळतें. भोंवतीं केवळ स्तुतिपाठकच जमविणाऱ्या गायकास नको असलेली पण हितकर गोष्ट सांगणारा कोणी उरत नाहीं.

हें एकच उदाहरण अपवाद नव्हे. एल्व्हिस प्रेस्ले १९६१ नंतर सात वर्षें प्रत्यक्ष श्रोत्यांपुढें उभे राहिले नव्हते. सामान्य चित्रपटांत त्यांची शक्ति खर्ची पडत होती. ३ डिसेंबर १९६८ रोजीं अमेरिकेंत प्रसारित झालेल्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांत, त्यांच्या व्यवस्थापकास हव्या असलेल्या नाताळच्या गीतांऐवजीं, ते काळा चामड्याचा पोषाख घालून मोजक्या प्रेक्षकांच्या घोळक्यांत बसून गाइले. पण खरी दूरदृष्टि दिसली ती त्यानंतर. लगेच १९६९ च्या आरंभीं त्यांनीं मेम्फिस येथें नवीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं, आणि जुलैच्या अखेरीस लास व्हेगास येथें जलसे सुरू केले. एक रात्र गाजली म्हणून पुनरागमन झालें असें होत नाहीं. त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशीं देण्यासारखें कांहीं हवें.

कधीं कधीं दैवहि दार उघडतें. इंग्रज गायिका केट बुश यांचें १९८५ सालचें एक गाणें २०२२ मध्यें ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेंत वाजलें आणि ३७ वर्षांनंतर इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर आलें. मात्र दैवानें दार उघडलें तरी आंत ठेवलेलें धन गायकाचेंच असावें लागतें. उलट, अति चोखंदळपणाहि घातक ठरतो. गन्स एन रोझेस या ताफ्याची ‘चायनीज डेमॉक्रसी’ ही ध्वनिमुद्रिका अनेक वर्षांच्या फेरफारांनंतर २००८ सालीं निघाली. तोंवर वाट पाहणें हाच तिच्या कीर्तीचा मोठा भाग होऊन बसला होता, आणि कोणतेंहि गाणें इतक्या अपेक्षेचा भार सहन करूं शकत नाहीं.

या सर्व उदाहरणांचा मथितार्थ असा कीं, परतणाऱ्या गायकानें प्रथम गळा तयार करावा, हक्कांची कागदपत्रें तपासावीं, लहान सभागृहांपासून आरंभ करावा आणि जेथें आपणांविषयीं ग्रह कमी आहे अशा प्रदेशांतहि जावें. जुनीं गाणीं गावींत, कारण श्रोते त्यांसाठींच तिकीट काढतात. परंतु नवें गाणें एक तरी असावें, कारण त्यासाठींच ते पुन्हां येतात. इतकें करूनहि यश येईलच असें नाहीं. याच वाटेनें गेलेले आणि कोणाच्या ध्यानांतहि न राहिलेले गायक पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकीं कित्येकांचा गळा उत्तम होता, आणि त्यांनीं केलेले श्रमहि खोटे नव्हते.

गेलेलें आसन जसेंच्या तसें परत मिळत नाहीं, ही गोष्ट मात्र प्रत्येकानें मनाशीं बाळगावी. टर्नरबाईंना १९७१ मधलें स्थान परत मिळालें नाहीं; त्यांना निराळेंच स्थान मिळालें, आणि तें अधिक मोठें होतें. जानेवारी १९८८ मध्यें ब्राझीलमधील माराकाना क्रीडांगणावर सुमारें १ लाख ८० हजार श्रोत्यांसमोर त्या एकट्याच्या नांवावर गाइल्या. २४ मे २०२३ रोजीं स्वित्झर्लंडमध्यें त्यांचें निधन झालें, तेव्हां जगभर त्यांचें स्मरण झालें तें कोणाची सहचारिणी म्हणून नव्हे. घटस्फोटाच्या वेळीं त्यांनीं मागून घेतलेलें तें नांव तोंवर पूर्णपणें त्यांचें स्वतःचें झालें होतें.