बॉनेटखालचा हमाल

एसी बंद करायचाय? मग गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवा. थट्टा नाही. 1939 साली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी विकायला काढली, तेव्हा हीच रीत होती. इंजिन फिरलं की कॉम्प्रेसर फिरणार, त्याला मध्येच थांबवायची सोय नव्हती. गार हवेचं धूड डिकीत मुक्कामाला, झुळूक मागच्या सीटच्या पाठीमागून, आणि या सगळ्याचे 274 डॉलर वेगळे. दोनेक वर्षांत पॅकार्डनं हा नाद सोडला.

1953 च्या कॅडिलॅकमध्येही यंत्र डिकीतच होतं. तिथून पारदर्शक नळ्या मागच्या काचेलगत थेट छतापर्यंत चढायच्या आणि गार वारा डोक्यावरून सोडायच्या. 1954 साली नॅश कंपनीनं सगळा पसारा पुढं, बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागं आणला. आजची तुमची-आमची मांडणी ती हीच.

दोन पाइप

आता हे यंत्र करतं काय? गाडीतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची. थंडी बनवणं हा त्याचा धंदाच नाही. हा शुद्ध हमाल आहे.

खात्री करायची असेल तर एसी चालू ठेवून बॉनेट उघडा. केबिनच्या भिंतीत शिरणारे दोन अ‍ॅल्युमिनियमचे पाइप दिसतील, एक बारीक, एक जाड. पट्टा आणि पंखा चुकवून अलगद बोट लावा. बारीक पाइप कोमट ते गरम. जाड पाइप गारेगार, दमट दिवशी तर त्यावर घामाचे थेंब. बारीक पाइपातून द्रव आत जातो, जाड पाइपातून गॅस बाहेर येतो, आणि मधल्या हातभर अंतरात तुमचा उन्हाळा त्याच्या पाठीवर चढलेला असतो. (कॉम्प्रेसरकडून रेडिएटरपुढच्या कंडेन्सरकडे जाणाऱ्या पाइपाच्या वाटेला मात्र जाऊ नका, चटका बसेल.)

आतला गॅस म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए. उघड्यावर हा उणे 26 अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये दाब कमी ठेवून त्याला शून्याच्या आसपास उकळवतात. उकळायला उष्णता लागते, ती तो कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. म्हणजे बाहेर रणरणतं ऊन असताना तुमच्या गुडघ्यांपुढं एक द्रव उकळत असतो आणि म्हणून तुम्हाला गार वाटतं.

खरी मेख पुढं आहे. नागपुरात बाहेर 44 अंश असताना ही उष्णता टाकायची कुठं? उष्णता गरमाकडून गाराकडेच जाते. तेव्हा गॅसला बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापवणं भाग आहे. कॉम्प्रेसर त्याला दाबून दाबून तापवतो ते यासाठी. मग रेडिएटरच्याही पुढं बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो वाऱ्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो, एका बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम पडतो, तो गार होतो, आणि स्वारी पुन्हा कॉइलमध्ये हजर. सिग्नलला उभं असताना एसी मरगळतो त्याचं कारण बहुतेक वेळा पुढंच असतं: कंडेन्सरवर पुरेसा वारा नाही. पंखा बिघडला किंवा जाळीत धूळ-किडे बसले की आणखीच हाल.

या सगळ्या खटाटोपाला गॅस किती? लहान गाडीत जेमतेम अर्धा किलो.

‘टक्’

एसीचं बटण दाबल्यावर बॉनेटखालून एक बारीक ‘टक्’ येतं. पॅकार्डकडे नेमकं हेच नव्हतं. पट्ट्याची पुली तशी सतत फिरतच असते. विजेचं चुंबक तिला कॉम्प्रेसरच्या दांड्याशी जोडतं आणि सोडतं. जोडलं की इंजिनावर एकदम बोजा येतो, उभी गाडी क्षणभर कुरकुरते. कॉइल शून्याच्या फार जवळ गेली की हेच चुंबक सुटतं, नाहीतर तिच्यावर बर्फ धरून हवेची वाटच बंद होईल.

ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबलात तर बऱ्याच लहान गाड्यांचा कॉम्प्युटर काही सेकंद कॉम्प्रेसर परस्पर सोडून देतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. इंजिनाला मात्र जरा दम मिळतो.

‘साहेब, गॅस संपलाय’

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांत गोल गोल फिरतो, त्यामुळे तो ‘संपला’ असेल तर कुठून तरी गळाला. वर्षानुवर्षं जोडांच्या रबरी रिंगांतून थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर आधी गळती शोधायला सांगा. बऱ्याचदा जागा स्वतःच चुगली करते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, गळतीपाशी ते पाझरतं आणि त्याला धूळ चिकटून काळपट तेलकट डाग पडतो.

या तेलापायीच हिवाळ्यातही मधूनमधून काही मिनिटं एसी चालवावा असं जुने मेकॅनिक सांगतात. बरोबर सांगतात. तेल फिरलं की सील ओलसर राहतात.

पाणी, धुकं, वास

पार्किंगमध्ये गाडीखाली पाण्याचं डबकं दिसलं की वॉचमन धावत येतो. येऊ द्या. आतल्या हवेतला दमटपणा गार कॉइलवर थेंब होऊन एका नळीवाटे खाली पडतोय. मुंबईत धार लागते, विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात टिपूसही नसतो. घाबरायचं ते उलट झालं तर: बाहेर थेंब नाही आणि शेजारच्या सीटपुढची मॅट ओलीचिंब. नळी तुंबली.

हवा कोरडी करणं हे एसीचं दुसरं काम, आणि आमच्या मते पावसाळ्यात पहिलंच. जुलैत काच आतून धुरकटली की लोक फडकं शोधतात. एसी लावा, झोत काचेवर घ्या, बाहेरची हवा आत घ्या, झालं. मात्र तोच गार झोत फार वेळ ठेवलात तर काच इतकी गार होते की धुकं बाहेरच्या बाजूनं बसतं. तेव्हा वायपर मारा आणि झोत पायांकडे वळवा. दमट दिवशी डॅशबोर्डवरच्या जाळीतून पांढरा धूर येतो तोही गॅस नव्हे, धुकंच.

आणि तो सुरुवातीचा कुबट वास? ओल्या, अंधाऱ्या कॉइलवर बुरशीनं थाटलेला संसार. उतरण्याआधी पाचेक मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की कॉइल वाळते. तरी वास गेला नाही तर केबिन फिल्टर बघा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. गाडी महिनाभर अंगणात उभी असेल तर तिथं उंदराचं बाळंतपणही सापडू शकतं.

निळं-लाल बटण

तापमानाचं हे बटण अर्ध्यावर आणलं की एसी कमी काम करतो आणि पेट्रोल वाचतं, असा आपला समज. साध्या एसीच्या बऱ्याच गाड्यांत होतं काय, तर हवा आधी कॉइलवर पूर्ण गार होते आणि मग तिच्यात हीटरवरची गरम हवा मिसळतात. आधी थंड करा, मग तापवा! गारठा नको असेल तर आधी ब्लोअर कमी करा. बाहेरची हवा बंद करायचं बटण मात्र खरंच कामाचं: एकदा गार झालेली हवाच पुन्हा गार करायची, म्हणून कष्ट कमी. लांबच्या प्रवासात बाहेरची हवा अधूनमधून आत घ्या. चार माणसांचा उच्छ्वास साठत गेला की डोळे जड होतात, आणि त्यात ड्रायव्हरचेही दोन असतात.

उन्हात उभी गाडी आतून सहज 60 अंशांच्या घरात जाते. बसल्या बसल्या काचा लावून एसी फुल करणं म्हणजे भट्टीतली हवा गार करायला घेणं. आधी काचा खाली करून थोडं पुढं जा, ती फुकट निघून जाते.

खिडकीतला कूलर

1950 च्या आसपास अमेरिकेच्या वाळवंटी भागात लोक गाडीच्या खिडकीला एक नळकांडं टांगत. आत पाणी आणि भिजलेली गादी, धावत्या गाडीचा वारा त्यातून आत. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. विदर्भातल्या वाळ्याच्या कूलरचं हे चाकांवरचं भावंड, आणि दोघांचा शत्रूही एकच, दमट हवा. मुंबईत दोघांचीही डाळ शिजत नाही.

मेणबत्ती विझवणारा

सुरुवातीच्या गाड्यांतला गॅस आर-12. तो शोधणाऱ्या थॉमस मिजली यांनी 1930 साली भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, सिद्ध. ओझोनचा थर तो विरळ करतो हे पुढं कित्येक वर्षांनी कळलं. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची. एका माणसानं किती करावं!) 1987 च्या माँट्रियल करारानंतर आर-12 हटला, आर-134ए आला. हा ओझोनला हात लावत नाही, पण हवा तापवण्यात एक किलो गॅस सुमारे 1400 किलो कार्बन डायऑक्साइडला भारी. म्हणजे तुमच्या गाडीतला अर्धा किलो गळला तर 700 किलोंचा हिशेब. युरोपात 2017 पासून नव्या गाड्यांत तो चालत नाही.

ट्रक आणि घाट

1 ऑक्टोबर 2025 पासून आपल्याकडे बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. जो माणूस दिवसभर इंजिनाशेजारी भाजतो त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागला, पण लागला.

विजेच्या गाडीत पट्टाच नाही. कॉम्प्रेसर बॅटरीवर फिरतो, म्हणून गाडी जागेवरून न हलवताही ती आधीच गार करून ठेवता येते. अनेक गाड्यांत हीच यंत्रणा बॅटरीलाही गार ठेवते.

पेट्रोल-डिझेलवाल्यांसाठी एक जुनी युक्ती. मे महिन्यात कसारा घाटात इंजिनाचा काटा लालकडे सरकू लागला, तर एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण लावा. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो तुमच्या पायांवर ओततो. बायकामुलं शिव्या देतील, पण सिस्टिममध्ये कूलंट असेल तर काटा बऱ्याचदा खाली येतो. नाही आला तर गाडी कडेला लावा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.