मैदान भरलंय, काठावर कोण?

वाचकहो, एकदा पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहा. अंधारात चपचप पावलं वाजत येतील. कुणी बूट घालून, कुणी अनवाणी. ही सगळी पोलीस भरतीची पोरं-पोरी. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. एकेका गुणासाठी जीव टाकतात बिचारी.

महिना-दीड महिन्यात त्यातल्या एखाद्याची नडगी दुखू लागते. सोबतचे म्हणतात, "पळून पळून जाईल, थांबू नको." तो थांबत नाही. कडक रस्त्यावर, अंतर एकदम वाढवून, विश्रांतीशिवाय पळत राहिले तर हाडाला बारीक चीर पडू शकते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. तिकडे कबड्डीच्या मैदानावर मुलीचा गुडघा मुरगळतो. एक जण गरम तेल आणतो, दुसरा पाय ओढून 'बसवतो'. ताज्या सुजेवर तेल चोळणे आणि ओढाताण करणे, दोन्ही घातक. पण सांगणार कोण? मैदान भरलेले असते, काठावर जाणता माणूस नसतो.

हा जाणता माणूस घडवणारे शिक्षण विद्यापीठात मिळते. तुमच्या घरातल्या मैदानवेड्या मुलाला किंवा मुलीला ते घेताही येईल. मात्र इथे एक मोठी गल्लत होते. 'खेळाची पदवी' म्हटले की आपण सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो. प्रत्यक्षात वाटा तीन आहेत आणि तिन्हींचे काम वेगळे आहे.

पहिली वाट : शिकवणाऱ्याची

बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षकाची पदवी. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर ती घेता येते. २०१४ च्या नियमांनुसार तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. प्रवेशाच्या वेळी लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते. पुढे एम.पी.एड. आहे. या शिक्षणाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७ चे, आज ते अभिमत विद्यापीठ आहे.

एका खेळाचा प्रशिक्षक व्हायचे असेल तर १९६१ पासून पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका प्रसिद्ध आहे. मणिपूरला २०१८ च्या कायद्याने राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठही उभे राहिले.

या वाटेने गेलेला माणूस सराव कसा वाढवायचा, अंग कसे तापवायचे, विश्रांती कधी द्यायची, हे शिकतो. त्याला प्रथमोपचार येतात. पण दुखापतीचा उपचार हे त्याचे काम नव्हे. शाळेचा सर गुडघा पाहून "काही नाही, खेळ" म्हणाला तर ते त्याच्या पदवीबाहेरचे बोलणे झाले.

दुसरी वाट : सावरणाऱ्याची

ही फिजिओथेरपीची वाट. बारावी विज्ञान, त्यात जीवशास्त्र, आणि मग चार वर्षांहून अधिक काळाचा अभ्यासक्रम. देशातली या विषयाची पहिली शाळा १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाली, ती पोलिओग्रस्त मुलांच्या गरजेतून. आज आपल्या राज्यातली बहुतेक फिजिओथेरपी महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदवीनंतर खेळातील दुखापतींचा विशेष अभ्यास करता येतो.

अमेरिकेत याच कामाशी जवळचा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला 'ॲथलेटिक ट्रेनर' म्हणतात. नावावरून तो पोरांना पळवणारा वाटेल, पण तसे नाही. तो आरोग्य सेवक असतो. सामना चालू असताना काठावर उभा राहतो, खेळाडू पडला की आधी त्याच्याकडे धावतो आणि पुन्हा मैदानात सोडायचे की नाही यावर आपले मत देतो. त्यांची संघटना १९५० मध्ये स्थापन झाली. १९९० मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या महासंघाने या कामाला आरोग्य व्यवसाय म्हणून मान्यता दिली. पूर्वी तिथे पदवीवर हे काम करता येत असे. २०२२ नंतर मात्र नव्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणाचीच वाट ठेवली आहे. म्हणजे काठावर उभे राहणे हे हलके काम नव्हे, असे त्यांनी ठरवले.

आपल्याकडे या नावाचा वेगळा व्यवसाय अजून रुजलेला नाही. म्हणून कोणी सहा महिन्यांचा कोर्स देऊन 'स्पोर्ट्स ट्रेनर'चे सर्टिफिकेट हातात ठेवत असेल, तर त्याच्या जोरावर दुखापतीचा उपचार करता येईल या भ्रमात राहू नका.

तिसरी वाट : आजारच टाळणाऱ्याची

ही आरोग्य प्रसाराची वाट. १९८६ साली कॅनडात ओटावा येथे जगभरच्या जाणकारांनी मांडले, की आरोग्य दवाखान्यात नव्हे, तर जिथे माणूस राहतो, शिकतो, काम करतो तिथे घडते. आपल्याला हे नवे नव्हते. नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केले. गावातल्या अल्पशिक्षित, काही तर निरक्षर बायांना त्यांनी आरोग्य सेविका केले. त्या बायांकडे पदवी नव्हती, पण शिकणे थांबत नव्हते. त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, शिकत आणि गावात जाऊन सांगत. पदवीपेक्षा शिकणे मोठे, हे त्यांनी दाखवून दिले.

आज या कामाला विद्यापीठीय वाटही आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. तमिळनाडूत गांधीग्राम येथे आरोग्य प्रसाराचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. हे शिकलेला माणूस गावातली तंबाखू, साखर, रक्तदाब, मुलींचा रक्तक्षय यांवर काम करतो. गोळ्या देणे हे त्याचे काम नाही.

फी भरण्याआधी

जमीन गहाण टाकून फी भरणारे बाप आपल्या भागात आहेत. म्हणून प्रवेशाआधी चार प्रश्न विचारा. एक, या पदवीने कोणते काम करता येते? दोन, मान्यता कोणाची? बी.पी.एड.ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची लागते, फिजिओथेरपीला विद्यापीठाची संलग्नता आणि नंतर परिषदेची नोंदणी. तीन, मैदानात आणि रुग्णालयात प्रत्यक्ष काम किती दिवस? चार, मागच्या तुकडीतली मुले आज कुठे आहेत? उत्तर देताना समोरचा चाचपडला तर उठून या.

नोकरीचेही खरे बोलू. पदव्या घेऊन बसलेले तरुण गावोगाव आहेत. मात्र जागा मागितल्याशिवाय निघत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन शिक्षक असावा, असे लिहिले आहे. तुमच्या शाळेत तो आहे का? शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. पुढच्या बैठकीत हा प्रश्न घाला.

तोपर्यंत

जाणता माणूस येईपर्यंत गावाने एवढे तरी पाळावे. मुरगळले तर खेळ लगेच थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. तेल नाही, ओढणे नाही. पायावर भार देता येत नसेल तर डॉक्टरकडे न्या. उन्हात पळताना कोणी बरळू लागला, कोसळला, तर गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत न्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. दुखणे दाबून पळण्यासाठी गोळी, इंजेक्शन कदापि नको.

यात्रेतल्या कुस्तीला आपण हजारोंची इनामे लावतो. त्यातले थोडे पैसे बाजूला काढून, फडाच्या काठावर एक फिजिओथेरपिस्ट दिवसभर बसवला तर? इनाम एकाच पैलवानाला मिळते. हा माणूस मात्र त्या दिवशी उतरलेल्या प्रत्येकाच्या कामी येईल. यंदाच्या यात्रा कमिटीच्या बैठकीत एवढे बोलून तर पाहा.