पीएचडीनंतरची उमेदवारी

रेणापूर तालुक्यात मूल अकरावी सायन्सला गेलं की पुढचं ठरलेलं असतं: लातूरला क्लास, नीट, जमलं तर एमबीबीएस. गुण कमी पडून पोरगी बीएस्सीला गेली, तर पाहुणेरावळे हळहळतात. रोगांशी झुंजण्याची एक वाट त्या बीएस्सीतूनही जाते, हे लातूर पॅटर्नच्या धामधुमीत सांगायचं राहून जातं.

कर्करोग संशोधक झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांचंच पाहा. मुलीनं डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा. कमल यांनी मात्र फर्ग्युसनमधून बीएस्सी केली ती वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन. एमएस्सीला विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं! तिथून त्या मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांकडे कर्करोग संशोधनात आल्या आणि 1949 मध्ये पीएचडी झाल्या. पुढे खानोलकरांच्याच सल्ल्यानं फेलोशिप मिळवून त्यांनी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा गाठली. माणसाच्या पेशी शरीराबाहेर वर्षानुवर्षं वाढवत ठेवायचं तंत्र 1951 मध्ये तिथंच साधलं होतं. ऊतिसंवर्धनाचं ते काम शिकून रणदिवे परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

पोस्टडॉक म्हणजे हीच उमेदवारी. ती पदवी नाही, कायम नोकरीही नाही. दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत राहून आपल्याला न येणारं काम हातात बसवायचं. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा तिथं काय शिकायला मिळेल, हे आधी पाहावं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी झालेल्याला पुण्याची एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) किंवा एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था), खारघरचं कर्करोग संशोधनाचं अ‍ॅक्ट्रेक ही ठिकाणं काही परदेशात नाहीत. रोगांशी झुंजण्याच्या या वाटेवर इंजिनिअरांनीही मागे राहू नये. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेची हृदयाची कृत्रिम झडप 1990 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. तिच्यामागे शल्यविशारदांइतकेच इंजिनिअर होते.

पैशासाठी केंद्राची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे: मुदत दोन वर्षं, वयाची अट पस्तीस, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएटशिपची (आरए) योजनाही आहे. विद्यावेतनावर घर चालतं. पण बरोबरीची पोरं तोवर फ्लॅट बुक करतात आणि घरचे विचारतात, ‘अजून किती शिकणार?’ हा प्रश्न चुकीचा नाही. पोस्टडॉकनंतर प्राध्यापकी मिळेलच याची हमी कुणीच देत नाही. तेव्हा एकामागून एक पोस्टडॉक करत चाळिशी गाठणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

अर्जाआधी प्रयोगशाळाप्रमुखाला स्वतः लिहा. त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचून, त्यातलं कुठलं काम कसं पुढे न्याल हे एका पानात मांडा. सगळ्यांना पाठवलेलं साचेबंद पत्र लगेच ओळखू येतं. आणि पदवीदान समारंभाची वाट पाहू नका. राष्ट्रीय फेलोशिपला प्रबंध सादर केलेल्यांनाही अर्ज करता येतो.