मधमाशीची अळी आजारी कशी ओळखावी?

मधमाशी मध देते हे आपल्याला ठाऊक आहे. ती फुलाफुलांवर बसते म्हणून सूर्यफुलाला दाणा भरतो, काकडी-भोपळ्याला फळ धरते. पण मधमाशीची पिल्लेही आजारी पडतात, हे पुष्कळांना माहीत नसते. मी आजीला सांगितले तर ती म्हणाली, "माशीच्या लेकरालाबी दुखनं येतंय व्हय?" हो, येते!

म्हाताऱ्या माश्या रोज मरतात. त्यांच्या जागी नव्या येतात. पण पिल्लेच मेली तर नव्या माश्या कुठून येणार? मग सगळी पेटी रिकामी होते.

शिवारात दिसणारी आग्यामाशी पेटीत राहत नाही. पेटीत सातेरी किंवा युरोपियन माशी पाळतात. राणी एकेका घरात एक अंडे घालते. तीन दिवसांनी त्यातून अळी निघते. ती मोठी झाली की कामकरी माश्या घराला मेणाचे झाकण लावतात. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी असते व वेटोळे करून पडते. झाकणे किंचित फुगीर असतात. हे आधी नीट बघून ठेवावे, म्हणजे आजार लगेच कळतो.

१. थाई सॅकब्रूड : हा विषाणूचा रोग. अळी पाठीवर लांब पसरते, तोंड वर उचललेले दिसते. चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेली पिशवीच बाहेर येते. हा रोग थायलंडात १९७६ साली सापडला. १९९१-९२ मध्ये कर्नाटक, केरळ व तामिळनाडूत सातेरीच्या बहुतेक पेट्या त्याने रिकाम्या केल्या. त्याला औषध नाही.

२. युरोपियन फाउलब्रूड : हा जंतूंचा रोग. झाकण लागण्याआधीच अळी वेडीवाकडी होऊन मरते. ती पिवळी, मग तपकिरी होते. आंबूस वास येतो. आपल्या महाराष्ट्रात सातेरी माशीत हा १९७१ साली आढळला.

३. अमेरिकन फाउलब्रूड : यात अळी बहुधा झाकणाखाली मरते. झाकण काळपट होऊन खचते, त्याला भोक पडते. आगपेटीची काडी आत फिरवून हळूच ओढावी. चिकट तार निघाली तर हाच रोग समजावा. याचे जंतू कित्येक वर्षे टिकतात, म्हणून अशी पोळी जाळून टाकतात.

आजारी पेटीची फळी चांगल्या पेटीत घालू नये. हात आणि हत्यारे धुवावीत. शंका आली तर जाणकाराला दाखवावे. पुण्याला १९६२ पासून मधमाश्यांची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. हे रोग माणसाला होत नाहीत, म्हणून घाबरू नये. मात्र मुलांनी एकट्याने पेटी उघडू नये!

पेटी उघडली की सगळे आधी मध किती झाला ते बघतात. मला वाटते, आधी पिल्ले बघावीत. पिल्ले चांगली तर माश्या राहतील, आणि माश्या राहिल्या तर मध आपोआप मिळेल.

— इयत्ता चौथी, वारंगा फाटा