पहिला आठवडा गरम हवेचा

गेमिंग लॅपटॉपचं खोकं उघडलं की हात आधी झाकणाकडे जातो. लोगो बघून होतो, कीबोर्डखालचे रंगीत दिवे लावून होतात, मित्रांना फोटो जातात आणि मग तळाच्या पुठ्ठ्याखालून चार्जर बाहेर येतो. तो पाहून घरातलं कुणीतरी विचारतंच, "हा एवढा मोठा?" कचेरीतल्या लॅपटॉपचा चार्जर ४५ किंवा ६५ वॅटचा. इथला १७०, २३० आणि वरच्या गटात ३३० वॅटचाही असतो. वजन अर्ध्या किलोच्या वर. या यंत्राबद्दलची सगळ्यात खरी माहिती झाकणावरच्या चकचकीत स्टिकरवर नसून या काळ्या ठोकळ्यावर बारीक अक्षरात छापलेली असते. कारण जेवढी वीज आत जाते, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. जेमतेम अडीच सेंटीमीटर जाडीच्या पेटीतून ती बाहेर काढायची, हेच गेमिंग लॅपटॉप बनवणाऱ्यांचं खरं काम. बाकी दिवे-बिवे हौसेचे.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेल्या मुलामुलींच्या घरी हल्ली जो लॅपटॉप येतो, तो बरेचदा याच जातीचा असतो. अभ्यासासाठी म्हणून घेतलेला. ते अगदीच खोटं नाही. ब्लेंडर, सॉलिडवर्क्स किंवा मशीन लर्निंगची कामं वेगळ्या ग्राफिक्स चिपवर झपाट्याने होतात. साधारण ७० हजार ते सव्वा लाखाच्या पट्ट्यात लेनोवोचा लॉक, असूसचा टफ, एचपीचा व्हिक्टस आणि एसरचा नायट्रो अशी ठरलेली नावं आहेत. उदाहरणादाखल लॉक घेऊ. लेनोवोने २०१७ मध्ये 'लीजन' या नावाने गेमिंगची वेगळी मालिका काढली आणि २०२३ मध्ये तिचं स्वस्त भावंड म्हणून लॉक आणलं. १५.६ इंची स्क्रीन, वजन सुमारे २.४ किलो, मागच्या बाजूला गरम हवेची जाळी आणि बहुतेक पोर्टही मागेच.

या लॅपटॉपवर 'एफएन' आणि 'क्यू' ही दोन बटणं एकत्र दाबली की पॉवरच्या बटणाचा रंग बदलतो. निळा म्हणजे शांत, पांढरा म्हणजे मधला, लाल म्हणजे पूर्ण ताकद. (मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा मे २०१७ मध्ये उतरला. हौस मात्र अशी कुठेतरी उगवतेच.) नवा मालक पहिल्याच संध्याकाळी लाल दिवा लावतो आणि पंख्यांचा आवाज ऐकून दचकतो. यंत्र बिघडलं तर नाही ना, हा प्रश्न दुकानदाराला सगळ्यात जास्त वेळा विचारला जात असेल. बिघडलेलं नसतं. लाल दिव्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपला जास्त वीज घेण्याची मुभा मिळते, जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता, आणि ती उपसायची तर पंखे जोरात फिरायलाच हवेत. वर्गात निळा, घरी एरवी पांढरा आणि कानाला हेडफोन असेल तेव्हा लाल, हे गणित आठवडाभरात आपोआप बसतं.

दुकानात मात्र हे वॅटचं प्रकरण कुणी काढत नाही. तिथे विचारतात, "४०५० घ्यायचा की ४०६०?" एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपचे हे आकडे आता पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. पण आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपची चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना दिलेली आहे. प्रोसेसर निवांत असेल तर त्याच्या वाटची थोडी वीज वळवून हा आकडा १४० पर्यंतही जातो. म्हणजे नाव एक, स्टिकर एक, आणि वेग वेगळा. एकाच कंपनीचे दोन सारखे पंखे आणावेत आणि एकाचा रेग्युलेटर २ वर, दुसऱ्याचा ५ वर कायमचा चिकटवून टाकावा, तसा हा प्रकार. बारीक, देखण्या लॅपटॉपमधली मोठ्या नावाची चिप जाडजूड लॅपटॉपमधल्या लहान नावाच्या चिपकडून मार खाऊ शकते, ती यामुळेच.

वरच्या गटात तर नावाचा खेळ याहून मोठा आहे. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ गणनकेंद्रं आणि २४ जीबी मेमरी असते, आणि ते कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज खातं. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये चिपच दुसरी, ९,७२८ केंद्रांची, १६ जीबी मेमरीची. नाव तेच ठेवण्याला फसवणूक म्हणावं की विक्रीकला, हे ज्याने त्याने ठरवावं. पण लाखांत पैसे मोजणाऱ्याला हा फरक आधी कळायला हवा, एवढं नक्की. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं की आपल्या यंत्रातल्या चिपला कमाल किती वॅट मिळतात ते लिहिलेलं सापडतं. नव्या मालकाने रंगीत दिव्यांच्या आधी हे पान उघडावं.

दुसरा धक्का तापमानाचा. तापमान दाखवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की प्रोसेसरसमोर ९५ अंश दिसतं आणि पोटात गोळा येतो. इंटेलच्या या वर्गातल्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची असते. तिथवर पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. त्यामुळे क्षणभर ९५ दिसणं ही तक्रार होऊ शकत नाही. वीस मिनिटं खेळल्यावर वेग किती उतरला, हा खरा प्रश्न. थ्रीडीमार्क या चाचणीत एकच दृश्य लागोपाठ २० वेळा चालवलं जातं आणि सगळ्यात संथ फेरी सगळ्यात वेगवान फेरीच्या निदान ९७ टक्के असेल तरच यंत्र पास. पहिल्या पाच मिनिटांत झकास पळणारे बरेच लॅपटॉप इथे धापा टाकतात.

इथेच आपल्या हवामानाचा संबंध येतो. इंटरनेटवरचे परीक्षणांचे व्हिडिओ बहुधा वीस-बावीस अंशांच्या थंड खोलीत केलेले असतात. पंखा खोलीतली हवा आत ओढूनच चिप थंड करतो. खोलीच जितकी तापलेली, तितकी चिप जास्त तापणार. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला लॅपटॉप डिसेंबरात गुणी वाटतो. तोच मे महिन्यात जळगाव, अकोला किंवा चंद्रपूरच्या खोलीत, बाहेर ४५ अंश असताना, निराळं रूप दाखवतो. त्यावर महागडा उपाय लागतोच असं नाही. हवा खालच्या जाळीतून आत येते, तेव्हा मागची बाजू दोन बोटं उचलून धरली तरी फरक पडतो. गादीवर ठेवून खेळणं म्हणजे ती जाळी आपल्या हातांनी बंद करणं.

वीज गेली की तिसरी गोष्ट उघड होते. लॅपटॉप बंद पडत नाही, पण गेम अचानक रखडत चालतो. हिशोब साधा आहे. लॉकच्या २०२३ च्या मॉडेलमध्ये ६० वॅट-तासांची बॅटरी आहे. यंत्राने गेममध्ये १५० वॅट खायचं ठरवलं, तर ती २४ मिनिटांत संपेल. शिवाय इतका प्रवाह एकदम देणं बॅटरीलाही झेपत नाही. म्हणून चार्जर निघाला की यंत्र स्वतःला आवरतं. मग मोठी बॅटरी का बसवत नाहीत? बसवतात, पण १०० वॅट-तासांच्या आतच. त्याच्या वरची बॅटरी विमानात न्यायला विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून महागड्या लॅपटॉपवर ९९.९ असा चमत्कारिक आकडा छापलेला दिसतो. इन्व्हर्टर असेल तर गेम चालू राहतो, फक्त भार छताच्या तीनेक साध्या पंख्यांइतका पडतो आणि मग घरात कुणाचा पंखा बंद करायचा यावरून व्हायचं ते होतं.

जुन्या वाड्यात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात. हा बहुधा लॅपटॉपचा दोष नसतो. चार्जरमधला विजेचा गोंगाट गाळणारा भाग थोडासा प्रवाह अर्थिंगच्या वायरकडे सोडतो. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर तो जाणार कुठे? अशा वेळी लॅपटॉप परत पाठवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत घुसवणं तर नकोच.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं, दर ६.९ मिलिसेकंदांनी एक. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर हेच अंतर १६.७ मिलिसेकंदांचं असतं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे गोळीबाराचे गेम खेळणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो, आणि दोन्हींचे सर्व्हर मुंबईत असल्यामुळे इथल्या खेळाडूला त्याचा उपयोगही होतो. मात्र विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आकडा ६० वरच राहिला असेल तर पैसे देऊन घेतलेले ८४ हर्ट्झ वाया. स्वस्त मॉडेलमध्ये काटकसर होते ती रंगांत. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार. गेममध्ये ते खपून जातं, फोटो किंवा पोस्टरचं काम करणाऱ्याला नडतं.

साठवणुकीचा हिशोब पहिल्या शनिवारीच बिघडतो. खोक्यावर ५१२ जीबी, विंडोज दाखवतं ४७६. चोरी कुणीच केलेली नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. पण रेड डेड रिडेम्प्शन २ आणि बाल्डर्स गेट ३ या दोघांनाच प्रत्येकी १५० जीबी जागा लागते. विंडोज आणि हे दोन गेम टाकले की तिसऱ्या मोठ्या गेमला जागा नाही. मग मालक लहान गेमांकडे वळतो, आणि ते वाईटच असं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला 'राजी' अशा लॅपटॉपवर सहज चालतो, आणि त्यातले राजस्थानी महाल पाहायला महागडी चिप लागत नाही.

रॅमची गोष्टही बघण्यासारखी आहे. किंमत खाली ठेवण्यासाठी बरेचदा दोन जागांपैकी एकाच जागी रॅमची पट्टी बसवलेली येते. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीशी दुहेरी वाटेने बोलता येतं, आणि प्रोसेसरवर जोर टाकणाऱ्या गेममध्ये त्याने चांगलाच फरक पडतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर दोनपैकी किती जागा भरल्यात ते दिसतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुसरी पट्टी दहा मिनिटांत बसवून मिळते. मात्र खालचं झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हे आधी कंपनीच्या अटींत वाचावं. प्रत्येकाचा नियम वेगळा.

हे सगळं तपासायला मोकळा वेळ फार नसतो. ऑनलाइन घेतलेला लॅपटॉप बदलून मिळण्याची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांचीच. त्यात मेलेले पिक्सेल शोधायचे, म्हणजे रात्री दिवे घालवून पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा पडदा लावून पाहायचा. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी खोचून पाहायचं. तासभर लाल दिव्यावर गेम चालवायचा. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी कधीपासून धरली आहे तेही बघायचं, कारण कधीकधी ती माल गोदामातून निघाल्याच्या तारखेपासून मोजलेली असते आणि बिल दाखवून दुरुस्त करून घ्यावी लागते. शिवाय विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या नव्या लॅपटॉपची डिस्क न सांगता कुलूपबंद करतात. बायोस अपडेट केल्यावर एखाद्या दिवशी निळा पडदा ४८ आकडी किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. त्या खात्याचा पासवर्ड पहिल्या दिवशी दुकानातल्या पोराने टाकलेला असेल, तर तो त्याच दिवशी बदलून घ्यावा आणि किल्ली वहीत उतरवून ठेवावी.