गाडी ‘लो’ करायची? आधी टेप घ्या, मग पैसे द्या



आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, हे काम पोरांचं आणि गॅरेजवाल्याचं, आपला काय संबंध? संबंध आहे. जुनी एस्टीम, अ‍ॅक्सेंट किंवा सिटी दारात आली की तिच्या खर्चाला पैसे घरच्या पेटीतून जातात, नाहीतर गटाच्या कर्जातून. त्याच गाडीतून बाळंतीण दवाखान्यात जाते आणि म्हातारी माणसं डोळे तपासायला जातात. म्हणून मुलगा म्हणाला, “आई, गाडी लो करायचीय, स्प्रिंगा बदलायच्यात,” तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच रागावूही नका. आधी समजून घेऊ.

गाडीच्या प्रत्येक चाकावर एक जाड लोखंडी स्प्रिंग असते. गाडीचं वजन ती पेलते, खड्डा आला की दबते आणि पुन्हा वर येते. तिच्या जोडीला शॉकअप असतो. स्प्रिंगचं उसळणं आवरणं हे शॉकअपचं काम. पाळण्याला झोका दिला तर तो किती वेळ हलत राहतो, तशी शॉकअप नसलेली गाडी हलत राहील. स्प्रिंग दबून दबून शेवटाला टेकू नये म्हणून एक रबरी ठोकळाही असतो.

लो करायची स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड आणि कडक असते. गाडी खाली बसते, वळणावर कमी कलते, दिसायलाही ऐटदार दिसते. पोरांना आवडते ती उगीच नाही. पण गाडी खाली आली की चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. स्प्रिंग कडक नसेल तर प्रत्येक खड्ड्यात गाडी त्या रबरी ठोकळ्यावर आदळते. म्हणून खरी लो स्प्रिंग कडक करूनच बनवलेली असते.

आता आपल्या रस्त्याचा हिशेब करू. अशा जुन्या गाड्यांचा पोटाखालचा भाग रिकाम्या गाडीत जमिनीपासून साधारण 16-17 सेंटीमीटर वर असतो. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी पाचेक सेंटीमीटर दबते. राहिले 11-12. त्यात 4 सेंटीमीटर लो केली तर उरतात 7-8. म्हणजे साधारण चार-पाच बोटं.

आणि आपले गतिरोधक? नियमातला गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, लांबट उताराचा असतो. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे अडीच मीटर अंतर असतं, त्यामुळे चारही चाकं त्यावर चढतात आणि पोटाखाली फक्त चार-पाच सेंटीमीटर उंचवटा येतो. गावात मात्र कुणीतरी हातभर रुंदीचा सिमेंटचा उंचवटा घालून ठेवलेला असतो. तो दोन्ही चाकांच्या मधे पूर्ण उंचीनं उभा राहतो. लो केलेली भरलेली गाडी त्यावर घासणारच. घासला तो सायलेन्सर असेल तर नशीब. चेंबर फुटला तर इंजिनचं ऑइल रस्त्यावर, आणि तशीच गाडी पळवली तर इंजिन जाम.

म्हणून पहिलं काम टेपचं. शिवणकामाची टेप चालेल. गाडी सपाट जागेवर उभी करा. नेहमी जितकी माणसं बसतात तितकी बसवा. बाजूनं वाकून, लाकडी पट्टी उभी धरून चेंबर आणि सायलेन्सर जमिनीपासून किती वर आहेत ते मोजा. गाडीखाली शिरू नका. मग रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट गतिरोधक मोजा. दोन आकडे शेजारी लिहिले की मुलाशी भांडायची गरज उरत नाही. आकडेच बोलतात.

दुसरं मोजमाप रिकाम्या गाडीचं. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांना मोजा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर एखादी जुनी स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे. मग आधी दुरुस्ती हवी, हौस नंतर. गाडीचा एकेक कोपरा जोरानं दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. डुलतच राहिली तर गेला. गेलेल्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग घातली तर गाडी चेंडूसारखी उडते आणि ब्रेक मारताना चाक रस्ता नीट धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्तात काम उरकायचं म्हणून काही ठिकाणी जुनी स्प्रिंग ग्राइंडरनं कापतात किंवा गॅसच्या आगीनं तापवून बसवतात. दोन्हीला स्पष्ट नाही म्हणा. कापलेल्या स्प्रिंगचं टोक वाटीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबलं की ती सैल होऊन जागेवरून सरकू शकते. तापवलेल्या पोलादाचा ताव जातो. कोयत्याची धार आगीत टाकली तर काय होतं, तसंच. अशी स्प्रिंग पुढे बसत जाते किंवा तुटते.

घ्यायचीच असेल तर गाडीचं नाव, साल आणि पेट्रोल की डिझेल हे सांगून त्याच गाडीसाठी बनवलेला चार स्प्रिंगांचा पूर्ण संच घ्या. डिझेल इंजिन जड असतं, त्याची पुढची स्प्रिंग वेगळी असते. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मागे आधीच वजन आहे, तेही सांगा. गाडी फक्त चांगल्या डांबरी रस्त्यानं फिरत असेल तर अडीच सेंटीमीटरपर्यंत ठीक. शेताची वाट, कच्चा रस्ता, भरलेली गाडी असेल तर मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप घ्या. जुनी गाडी तेवढ्यानंच नव्यासारखी चालते.

बसवताना बघायच्या गोष्टी: स्प्रिंग दाबायला योग्य कॉम्प्रेसर हवा. दबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोचा जोर असतो, ती तारेनं बांधून सोडवणं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली लोखंडी घोडी हवी. बुशचे बोल्ट शेवटी चाकं जमिनीवर टेकवून आवळायचे, नाहीतर रबर पिळून लवकर फाटतं. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करायचंच. गाडी खाली आली की चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेनं झिजतो. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा दावा अडू शकतो.

गटाच्या बैठकीत गाडीसाठी कर्जाचा अर्ज आला तर एवढे पाच प्रश्न विचारा: भरलेली गाडी किती उंच राहील? शॉकअप तपासले का? स्प्रिंग संचाची आहे की कापलेली? अलाइनमेंटचा खर्च धरला का? आरटीओत विचारलं का? उत्तरं वहीत लिहून घ्या. पाचांची उत्तरं आली तर मुलाची हौसही सुरक्षित आणि गटाचा पैसाही. उत्तरं आली नाहीत, तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबा. तोवर गाडी आहे त्या उंचीवर चालतेच आहे.